रेडिओ गप्प होता

१

रेडिओ हरवला ही बातमी खिंडीतल्या तंबूत आली, तेव्हा सिस्टर सुपाचं रिकामं पातेलं घासत होत्या.

डोंगरांची अख्खी रांग पायी ओलांडायची, अशी ती शर्यत. हा तंबू म्हणजे तिचा शेवटचा थांबा. एका बाजूने धावणारे चढून यायचे, दोन घोट गरम सूप पोटात ढकलायचे, फोड आलेल्या पायांना पट्टी बांधून घ्यायचे आणि दुसऱ्या बाजूने शेवटच्या गावाकडे उतरायचे. आलेल्याच्या नंबरावर खूण करायची, हे काम बेकरीवाल्या काकांचं. सूप आणि पाय सिस्टरांचे. त्यांनी आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये नोकरी केली होती, आणि तिथली एक सवय त्यांच्या हाडात मुरली होती. पोट शिवण्याआधी कापूस, कात्र्या, चिमटे सगळं मोजायचं. मोजणी जुळली नाही तर मोठ्यातल्या मोठ्या सर्जनलाही टाका घालू द्यायचा नाही.

आज मोजणी जुळली होती. सगळे नंबर आले, सगळे गेले. सर्वांत शेवटी, रस्त्यावर बांधलेल्या खुणेच्या फिती सोडवत येणारा शेपूटही आला. तो पेशाने पोस्टमन. पण शर्यतीत शेवटच्या धावणाऱ्याच्याही मागे चालायचं काम त्याचं, म्हणून शेपूट. तो आला की खिंडीतली घंटा थांबवायची, हा रिवाज. दाट धुक्यात वाट चुकणाऱ्याला दिशा कळावी म्हणून ती सकाळपासून वाजत होती. वाट चुकलात तर घंटेकडे या, हे शर्यतीत प्रत्येकाला घोकून घोकून सांगितलेलं असतं.

आणि आता वायरलेसवर आयोजक विचारत होते की धावणाऱ्यांतला रेडिओ तुमच्याकडून गेला का. कारण तो खाली पोचलाच नव्हता.

काकांनी कागद पाहिला. खूण होती. सिस्टर वायरलेसजवळ आल्या आणि ठामपणे म्हणाल्या, "गेलाय. मी माझ्या हातांनी त्याला सूप दिलंय."

त्यांच्या त्या एका वाक्यावर शोधपथक उताराच्या बाजूला पांगलं. अंधार पडायला अजून थोडा अवकाश होता, पण धुकं असं होतं की तंबूच्या दोऱ्यासुद्धा अर्ध्यावर संपल्यासारख्या दिसायच्या. अशा थंडीत ओल्या कपड्यांचा माणूस सकाळ पाहत नाही, हे सिस्टरांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"खरं सांगू?" काका हळूच म्हणाले. "मला तेव्हाच कसंतरी झालं होतं. तो बोलला नाही हो."

सिस्टरांच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. त्या माणसाला रेडिओ म्हणायचे ते उगाच नव्हे. तो चढावर बोलायचा, उतारावर बोलायचा, पायातला काटा काढतानाही बोलायचा. दरवर्षी तंबूत शिरल्या शिरल्या काकांच्या पाठदुखीची चौकशी, सिस्टरांना एक जुनाट विनोद आणि सगळ्यांना नाव घेऊन धन्यवाद. आज मात्र धुक्यातून लाल जॅकेट आलं, टोपी कपाळावर ओढलेली, गळपट्टी नाकापर्यंत. मान खाली. पेला पुढे केला, सूप घेतलं आणि पाठ फिरवून चालू लागलं. दमला असेल बिचारा, असं म्हणून दोघांनी सोडून दिलं होतं.

"रेडिओ नव्हताच तो," काका म्हणाले. "रेडिओ आधीच गेलेला असणार. जे आलं ते दुसरंच काहीतरी होतं."

२

सिस्टरांचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. एवढी माणसं डोळ्यांसमोर गेलेली पाहिली, त्यांतलं एकही सूप प्यायला परत आलं नव्हतं. पण काकांचं तोंड एकदा सुटलं की थांबत नसे. ते म्हणाले की आज डोंगरच बिथरलाय. इतकी वर्षं या खिंडीत घंटा वाजवली, कधी प्रतिध्वनी ऐकला नव्हता. आज मात्र ते लाल जॅकेट गेल्यानंतर डोंगर उत्तर द्यायला लागला. घंटा वाजायची, थोडा वेळ काहीच नाही, आणि मग खालून कुठूनतरी बारीक आवाज यायचा. घंटा थांबली तसा तोही थांबला.

सिस्टरांनीही तो ऐकला होता, पण पट्ट्या बांधायच्या गडबडीत त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आता तो आठवून त्यांच्या अंगावर काटा आला, आणि आपल्या अंगावर काटा आला याचा त्यांना रागही आला.

तेवढ्यात वायरलेस खरखरला. पथकातल्या कुणीतरी धापा टाकत सांगितलं की रेडिओ सापडला. उतारावर, जुनी वाट येऊन मिळते तिथल्या झाडाखाली उभा आहे. हाका मारल्या तर ओ देत नाही, नुसता उभा आहे.

वायरलेसवर पावलांचा आवाज येत राहिला, मग थांबला.

"माणूस नाहीये," पलीकडचा आवाज पार उतरला होता. "नुसतं जॅकेट आहे."

३

ते जॅकेट घेऊन दोघं जण खिंडीत चढून आले. एक रेडिओची बायको. शर्यतीत ती खालच्या थांब्यांवर कोरडे मोजे आणि खाणं घेऊन नवऱ्यासाठी उभी राहायची. खिंडीपर्यंत गाडी येत नाही म्हणून इथे कधी आली नव्हती. दुसरा रेडिओचा जोडीदार, दातांचा डॉक्टर. तो आणि रेडिओ पुरुष जोडीच्या शर्यतीत धावत होते. जोडीचा नियम कडक: प्रत्येक थांब्यावर दोघांची हजेरी लागली पाहिजे, एक गळला की दुसराही बाद.

डॉक्टर कोपऱ्यात बसला. पिवळं जॅकेट चिखलाने माखलेलं, गुडघ्यांवर काट्यांचे ओरखडे. त्याने सांगितलं ते साधं होतं. खिंडीत तो पुढे आला, रेडिओ थोडा मागे होता. पुढे उतारावर थांबून त्याने वाट पाहिली, पण रेडिओ आलाच नाही. शेवटी तो खाली जाऊन सांगून आला आणि शोधायला लागला.

मग सिस्टरांनी शेपटाला बाजूला घेतलं. त्याचं आणि रेडिओचं वाकडं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. गेल्या वर्षी गुडघा धरून लंगडत येणाऱ्या रेडिओला शेपटानेच वेळ संपली म्हणून बाद केलं होतं, आणि रेडिओने चारचौघांत त्याला नको नको ते ऐकवलं होतं. उतारावरच्या फिती यानेच वेळेआधी काढल्या असतील तर?

शेपटाने पिशवी त्यांच्यासमोर उपडी केली. त्यात फक्त चढाच्या बाजूच्या फिती होत्या. उताराला त्याने अजून हातही लावला नव्हता. "मला तो आवडत नाही, मान्य," तो म्हणाला. "पण सिस्टर, माझ्या मागे माणूस सोडून मी कधी पुढे आलेलो नाही. चढावरच्या वाटेवर कुणीही नव्हतं. यावर मी शपथ घेईन."

"वाटेवर," सिस्टर स्वतःशीच पुटपुटल्या.

तो खरं बोलत होता, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. पण त्यांच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. सगळे नंबर जुळत होते, आणि तरी आत काहीतरी राहून गेलं होतं.

४

बायको रडत नव्हती. ती जॅकेट मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याची मानेजवळची पट्टी बोटांनी चाचपत होती. शिवणकाम करणारी बाई. ती पट्टी तिनेच शिवून दिली होती, खुंटीला अडकवायला.

"यालाच टांगलं होतं," ती म्हणाली. "फांदीला या पट्टीने टांगलेलं, चेन गळ्यापर्यंत लावलेली, नंबर समोर. सिस्टर, लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याने एक कपडा कधी खुंटीला लावला नाही. खुर्चीवर फेकतो. दाराच्या कडीवर फेकतो. एकदा माशांच्या टाकीवर फेकला होता."

तिला हसू आलं आणि त्याच हसण्यात तिचा बांध फुटला. सिस्टर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. पण डोक्यात चक्र सुरू झालं होतं. जो थंडीने भ्रमिष्ट होतो तो कपडे भिरकावतो, चेन लावत बसत नाही. हे जॅकेट कुणीतरी दुसऱ्याने टांगलं होतं. आणि टाकून देण्यासाठी नव्हे, तर ज्याचं आहे त्याला दुरून दिसावं म्हणून.

आणखी एक गोष्ट त्यांना आता आठवली. त्या धुक्यात तंबूत येणारा प्रत्येक जण निथळत होता. लाल जॅकेट मात्र आलं तेव्हा त्याच्या घड्या उमटलेल्या होत्या, खांदेसुद्धा जेमतेम दमट होते. पिशवीतून काढून नुकतंच अंगावर चढवल्यासारखं.

जॅकेटच्या चेनला एक शिट्टी बांधलेली होती. अडचणीत वाजवायला प्रत्येकाजवळ असते तशी. म्हणजे रेडिओ जिथे कुठे असेल तिथे त्याच्या अंगावर जॅकेट नव्हतं आणि त्याच्याजवळ शिट्टीही नव्हती. बायकोला हे कळलं होतं की नाही कोण जाणे. सिस्टरांनी सांगितलं नाही.

बसल्या जागी कुणाचा उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी सूप पुन्हा गरम केलं. या शर्यतीत थांब्यावर कुणालाही पेला मिळत नाही. कचरा नको म्हणून प्रत्येकाने आपला पेला पट्ट्याला अडकवून आणायचा, थांब्यावरच्या लोकांनी तो भरायचा, बस्स. त्यामुळे तंबूतल्या माणसांची एक गंमत होते. ती माणसांना चेहऱ्याने ओळखत नाहीत. चिखल फासलेले चेहरे बघायला कुणाला सवड असते? छातीवरचा नंबर बघायचा, पुढे आलेला पेला भरायचा.

सिस्टर पळी घेऊन डॉक्टरसमोर आल्या. त्याने न बघता पेला पुढे केला. निळा, घडी होणारा, रबराचा. त्याची कड उंदराने कुरतडावी तशी दातांनी चावून चावून झिजलेली. सकाळी ती कड पाहून त्यांना हसू आलं होतं, हा पेला कुणा काळजीखोर माणसाचा आहे म्हणून.

पळीतलं सूप सतरंजीवर सांडलं. ते हसू त्यांना आलं होतं तेव्हा पेला धरणारी बाही लाल होती.

५

सिस्टरांनी आवाज चढवला नाही. थिएटरमध्ये त्यांनी कधीच चढवला नव्हता. पळी खाली ठेवली आणि बायकोला विचारलं, तुझ्या नवऱ्याचा पेला कसा आहे?

"स्टीलचा. पोचा आलेला. साखळीने कमरेला बांधतो, चालताना टिणटिण वाजतो. कितीदा सांगितलं हलका घे म्हणून, पण ऐकेल तर ना. पेला तो जिवापलीकडे जपतो, सासऱ्यांचा आहे."

"लाल जॅकेट आलं तेव्हा काही वाजलं नव्हतं," काका हळू आवाजात म्हणाले.

"डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही आज इथे दोनदा सूप प्यायलात. आधी पिवळ्या जॅकेटात आणि मग लाल. तंबूला वळसा घालून धुक्यात कपडे बदललेत आणि चढाच्या बाजूने परत आलात. सगळ्याचा विचार केलात, पेला तेवढा विसरलात. भांडायला नंतर पुष्कळ वेळ आहे. आत्ता फक्त सांगा, त्याला कुठे सोडलंत?"

डॉक्टरने नाही म्हटलं नाही. दिवसभर धरून ठेवलेलं ओझं कुणीतरी काढून घ्यावं तसे त्याचे खांदे पडले.

रेडिओचा गुडघा शेवटच्या चढाआधीच गेला होता. पुढच्या महिन्यात ऑपरेशन, त्यानंतर शर्यत कायमची बंद. इतक्या वर्षांत त्याने एकदाही शेवट गाठला नव्हता. या वर्षी तरी गाठायचा होता. चढाच्या पायथ्याशी दगडांची रास आहे, तिथून मेंढरांची जुनी वाट खिंड टाळून डोंगराच्या कुशीतून जाते आणि पलीकडे उतारावर येऊन मिळते. रेडिओने त्या वाटेने सावकाश यायचं, डॉक्टरने त्याचा नंबर आणि जॅकेट घेऊन खिंडीत दोघांची हजेरी लावायची, पलीकडे झाडाखाली भेटायचं.

"कल्पना माझी होती," तो म्हणाला. "तो नको म्हणत होता. मी आग्रह केला."

तो झाडाखाली थांबला. रेडिओ येईना, तेव्हा जॅकेट फांदीला टांगून तो उलटा त्या जुन्या वाटेवर शिरला. दगडांच्या राशीपर्यंत गेला, हाका मारत परत आला. वाटेवर कुणीच नव्हतं. मग त्याचीही पाचावर धारण बसली. काय सांगायचं आणि कसं, यात वेळ गेला, आणि जितका वेळ गेला तितकं सांगणं अवघड होत गेलं.

बायको उठली. डॉक्टरसमोर जाऊन उभी राहिली. तिने त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं, असं सगळ्यांना वाटलं.

"आम्ही इतका वेळ भलत्याच बाजूला त्याला हाका मारल्या," ती म्हणाली. "तू माझ्या शेजारी उभा राहून मारल्यास."

शेपूट वायरलेसवर पथकाला मागे बोलावत होता. पण बोलावून पाठवायचं कुठे? चढावर शेपटाने माणूस पाहिला नाही. जुनी वाट डॉक्टरने पायाखालून घातली होती. दोन्ही वाटा रिकाम्या, आणि बाहेर उजेड वितळत चाललेला.

६

सिस्टर तंबूच्या दारात उभ्या राहिल्या. पांढऱ्या भिंतीसारखं धुकं आणि घंटेचा अर्धवट दिसणारा खांब. त्यांना स्वतःचंच वाक्य टोचत होतं. माझ्या हातांनी सूप दिलंय. पेल्याला दिलं होतं त्यांनी सूप, माणसाला नव्हे.

त्या मोठ्याने विचार करू लागल्या. गुडघा मोडलेला माणूस, अंगावर जॅकेट नाही, धुक्यात मेंढरांची वाट चार पावलांवर फुटते. तो चुकला. चुकलेला माणूस काय करतो?

"घंटेकडे येतो," शेपूट म्हणाला. "तेच तर शिकवतो आपण."

"मग तो वाटेवर कशाला सापडेल? वाट सोडून सरळ आवाजाच्या रोखाने वर चढला असेल. जुन्या वाटेच्या आणि आपल्या मधे काय आहे?"

शेपटाच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "घळ," तो म्हणाला. "तंबूच्या बरोबर खाली. वरून दिसत नाही, आणि आत शिरलेला वर चढू शकत नाही."

सिस्टर काकांकडे वळल्या. "काका, ते डोंगराचं उत्तर. आवाज कसा होता?"

"बारीक. धातूचा. घंटेसारखाच, पण... पातळ." काका बोलता बोलता थांबले.

"इतकी वर्षं या खिंडीत प्रतिध्वनी नव्हता. तो आजच आला, तोही उशिरा, आणि खालून. लाल जॅकेट गेल्यावर सुरू झाला आणि आपण घंटा थांबवल्यावर थांबला." सिस्टरांनी जॅकेटच्या शिट्टीकडे बोट केलं. "त्याच्याकडे शिट्टी नव्हती. ओरडून ओरडून घसा गेला असेल. पण पेला होता."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी म्हण लहानपणी सगळेच पाठ करतात. ती इतकी भयानक असू शकते, हे त्या तंबूतल्या माणसांना त्या क्षणी कळलं.

बायको सगळ्यांच्या आधी घंटेपाशी पोचली. तिने दोरी ओढली. आवाज धुक्यात शिरला आणि विरून गेला. काहीच आलं नाही. तिने पुन्हा ओढली. वारा तंबूच्या कापडावर थपडा मारत होता, ते कापड काकांनी दोन्ही हातांनी दाबून धरलं, जणू वाराच हातात आला होता. तिसऱ्यांदा तिने सगळं अंग टाकून ओढली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्यांच्या पायांखालून, इतका जवळून की सिस्टर दचकून मागे सरल्या, आवाज आला.

टिण.

घळीत पहिल्यांदा डॉक्टर उतरला. दोरी कमरेला बांधून, कुणाला विचारायला न थांबता. शेपूट त्याच्या मागोमाग. खाली दगडाला टेकून रेडिओ बसलेला होता, पाय वेडावाकडा, ओठ निळे, आणि मुठीत तो पेला इतका घट्ट की बोटं एकेक करून सोडवावी लागली. समोरच्या दगडावर आपटून आपटून पेल्याचा तळ पार आत गेला होता.

त्याला वर आणला, लाल जॅकेटात गुंडाळला, गरम पाण्याच्या बाटल्या काखेत दिल्या. सिस्टरांनी नाडी धरली आणि मान हलवली: चालू आहे. जगेल. बायको त्याच्या कानाशी अखंड बोलत होती, घरचं, शेजारचं, माशांच्या टाकीचं, काय वाट्टेल ते, कारण त्याला झोपू द्यायचं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा ती बोलत होती आणि तो ऐकत होता. डॉक्टर त्याच्या पायांशी बसून ते चोळत होता आणि रडत होता.

बऱ्याच वेळाने रेडिओचे ओठ हलले. सगळे वाकले. त्याने जोडीदाराकडे पाहिलं नाही, बायकोकडे पाहिलं नाही. त्याची नजर तंबूच्या दारातून दिसणाऱ्या घंटेवर होती.

"मी दर वेळी ओ दिली," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मग घंटा का थांबवलीत?"

सिस्टरांनी त्याचा हात सोडला, बाहेर गेल्या आणि पुन्हा दोरी हातात घेतली. उतारावरच्या पथकातला शेवटचा माणूस खिंडीत येऊन त्यांनी त्याचा चेहरा दिव्याच्या उजेडात नीट पाहीपर्यंत त्या घंटा वाजवत राहिल्या.